अफ्रोसियोब : ताश्कंद–समरकंद–बुखारा, स्वतः आखलेल्या सहलीची गाडी

उझबेकिस्तानला टूर कंपनीशिवाय जायचं असेल तर आधी रेल्वेचं वेळापत्रक समोर घेऊन बसायचं. विमान आणि हॉटेल त्यानंतर. माझ्याकडे चौकशीला येणारे लोक विमानाचं तिकीट काढून झाल्यावर येतात, आणि मग कळतं की ज्या सकाळी त्यांना समरकंदला जायचंय त्या सकाळची अफ्रोसियोब, म्हणजे तिथली वेगवान गाडी, भरलेली आहे. म्हणून हे परीक्षण त्या गाडीचंच लिहितेय. बाकी सगळी सहल तिच्यावर उभी राहते.

मी मध्य रेल्वेत आरक्षणाच्या खिडकीवर नोकरी केली. दादरला त्या काचेमागे बसून कितीतरी कुटुंबांच्या लग्नाच्या आणि मुंजीच्या तारखा मला त्यांच्या नातेवाइकांच्या आधी कळायच्या. त्यामुळे कुठल्याही देशाची रेल्वे बघताना माझं लक्ष आधी जागा किती, विक्री कधी उघडते, चढताना कोण काय तपासतं याकडे जातं. शिवाय या गाडीची मला जुनी ओढ होती. २०१६ साली स्पेनच्या टॅल्गो कंपनीचे डबे बोटीने मुंबई बंदरात उतरले होते. उत्तरेत मथुरा–पलवल मार्गावर त्यांनी ताशी १८० किलोमीटरचा वेग गाठला, आणि सप्टेंबरमध्ये चाचणीची गाडी दिल्लीहून मुंबई सेंट्रलला बारा तासांच्या आत आली. राजधानीला तेव्हा सोळा तासांच्या आसपास लागायचे. आमच्या ऑफिसात कितीतरी दिवस तोच विषय होता. पुढे आपल्याकडे ते डबे काही घेतले गेले नाहीत. पण त्याच कंपनीच्या गाड्या उझबेकिस्तानात २०११ पासून धावताहेत हे तेव्हाच वाचलं होतं, आणि निवृत्तीनंतर त्या गाडीत बसायचंच असं ठरवून टाकलं होतं.

बरोबर माझ्या मोठ्या नणंदबाई. त्या शाकाहारी, गुडघ्यांनी जरा त्रासलेल्या, पण उत्साहात माझ्या पुढे. आधी आम्ही दादरच्याच एका पर्यटन कंपनीत चौकशी केली. त्यांच्या कार्यक्रमात ताश्कंदजवळचे डोंगर, रोपवे, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम, आणि समरकंद सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बुखारा नव्हतंच. वन्सं तिथल्या मुलाला सरळ म्हणाल्या, "अरे, समरकंद बघायला जायचं आणि दुपारच्या जेवणानंतर परत फिरायचं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही उठलो, आणि मुलुंडला घरी येऊन जेवणाच्या टेबलावर कागद पसरला.

आता तिकिटाचं. उझबेकिस्तान रेल्वेची स्वतःची वेबसाइट आणि अ‍ॅप आहे, इंग्रजीत चालतं. विक्री साधारण दीड महिना आधी उघडते, कधी त्याहून उशिरा. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पर्यंत आरक्षण चार महिने आधी उघडायचं, आता साठ दिवस आधी. त्या जुन्या सवयीच्या लोकांना हा अवधी फार कमी वाटतो, पण त्याचा फायदाही आहे. कोणी चार महिने आधीपासून जागा अडवून ठेवत नाही. विक्री उघडली की एक-दोन दिवसांत बसायचं, एवढी शिस्त पाळली तर जागा मिळते. वसंतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये युरोपातले पर्यटक लोटतात, आणि २१ मार्चच्या नवरोझच्या आगेमागे स्थानिक लोकच घरी जायला निघतात. तेव्हा शिस्त आणखी कडक हवी. वेटिंग लिस्ट, आरएसी, तत्काळ यातलं तिथे काही नाही. जागा आहे किंवा नाही. मात्र रद्द झालेली तिकिटं पुन्हा विक्रीत येतात, तेव्हा गाडी भरलेली दिसली तरी रोज एकदा बघत राहावं. ही तंगी का, तर वेगवान रेक मोजकेच आहेत. दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई रोटेमशी नव्या गाड्यांचा करार २०२४ मध्ये झालाय, म्हणजे गरज त्यांनीही ओळखली आहे.

नाव भरताना एक गोष्ट जपा. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. ते जसं छापलंय तसंच भरायचं, आडनाव वेगळं. पासपोर्ट क्रमांक अक्षर न अक्षर ताडून घ्यायचा, कारण फलाटावर तोच बघतात. पैसे भरण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डावरचे परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करून ठेवा. आपल्याकडे नवीन कार्डावर ते मुळात बंदच असतात. तिकीट पीडीएफ म्हणून येतं. मी कागदावर छापून घेतलं होतं, ती माझी नोकरीतली सवय. मोबाइलवर दाखवलं तरी चालतं.

भाडं तारखेप्रमाणे हलतं. ताश्कंद ते समरकंद इकॉनॉमीचं तिकीट आम्हाला आपल्या दीड-दोन हजार रुपयांच्या घरात पडलं. बिझनेस त्याच्या वर, आणि त्याच्याही वर व्हीआयपी. इकॉनॉमी पुरेशी आहे, वरच्या वर्गाला पैसे घालू नका. ते पैसे बुखाऱ्यात जुन्या शहराच्या आतलं हॉटेल घ्यायला वापरा.

व्हिसाचं फार लिहीत नाही, कारण ते सोपं आहे. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, शासनाच्या संकेतस्थळावरून, एका प्रवेशाचा २० डॉलरला, साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत. मध्ये एजंट घालायची काही गरज नाही. हॉटेलवाले आपली नोंदणी सरकारी प्रणालीत करतात. कुणाच्या घरी उतरणार असाल तर ती नोंदणी कोण करणार हे आधीच विचारून घ्या.

ताश्कंदमध्ये दोन मोठी स्टेशनं आहेत, उत्तरेचं आणि दक्षिणेचं, आणि दोघांत बरंच अंतर आहे. अफ्रोसियोब बहुतेक वेळा उत्तरेच्या, म्हणजे मुख्य स्टेशनावरून सुटते, पण तिकिटावर काय छापलंय ते वाचूनच टॅक्सी बोलवायची. दादर म्हटल्यावर मध्य की पश्चिम हे विचारावं लागतं तिथे वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तिकिटावर छापलेली वेळ स्थानिक असते. ती आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे.

स्टेशनाच्या आवारात शिरतानाच पासपोर्ट आणि तिकीट बघतात, सामान मशीनमधून जातं, आत पुन्हा एकदा बघतात. सोडायला आलेली अर्धी चाळ फलाटावर येत नाही. त्यामुळे फलाट मोकळा, स्वच्छ, बसायला बाक आहेत. गाडी सुटण्याच्या पाऊण तास आधी पोचा. अर्ध्या तासातही होतं, पण आपल्या वयाला धावपळ कशाला.

प्रत्येक डब्याच्या दाराशी गणवेशातली, हवाई सुंदरी म्हणावी अशी एक मुलगी उभी असते. तिने वन्संचा पासपोर्ट बघितला, "इंदिया?" विचारलं, छातीवर हात ठेवून मान लववली आणि बॅगेला स्वतः हात घातला. डब्याची जमीन खाली आहे, चढायला त्रास नाही. तिथल्या जुन्या गाड्यांना मात्र उभ्या लोखंडी पायऱ्या असतात. गुडघेदुखीवाल्यांनी अफ्रोसियोबच धरावी याचं हे एक मोठं कारण.

आता गाडी. मी आत बसायच्या आधी फलाटावर वाकून दोन डब्यांमधला सांधा बघितला. आपल्याकडे प्रत्येक डब्याखाली पुढे-मागे दोन बोगी, म्हणजे चाकांचे गाडे, असतात. इथे दोन डब्यांच्या मधोमध चाकांची एकच जोडी असते, आणि ती दोन चाकंही एका आसाने जोडलेली नसतात, प्रत्येक स्वतंत्र फिरतं. डबेही आखूड, साधारण १३ मीटरचे. आपला एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीचा डबा साडेतेवीस मीटरच्या आसपास असतो. डब्याचा तोल वरून धरलेला असल्यामुळे वळणावर तो आपसूक आत झुकतो. हे सगळं मी तेव्हा ऑफिसात आलेल्या कागदांत वाचलं होतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की वळण आलं तेव्हा माझ्या समोरच्या कपातला चहा जागेवर राहिला. मी मुद्दाम त्याच्याकडे बघत बसले होते. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, खिडकीबाहेर बघा की!" पण मला तो कपच बघायचा होता.

रूळ १५२० मिलिमीटरचे, रशियन मापाचे. आपले १६७६. म्हणजे आपल्यापेक्षा अरुंद रुळांवर ही गाडी ताशी २५० किलोमीटरपर्यंत धावू शकते. ताश्कंद ते समरकंद ३४४ किलोमीटर, वेळ साधारण सव्वादोन तास. डेक्कन क्वीनला पुण्याचे १९२ किलोमीटर तीन तासांच्या वर लागतात. अर्थात तिला घाट आहे आणि मुंबईची गर्दी आहे, त्यामुळे ही तुलना मी तिच्या विरोधात करत नाही. डेक्कन क्वीनवर माझं प्रेम आहे. सांगायचं इतकंच की जुन्याच मार्गाची सुधारणा करून, सगळं नव्याने न बांधता, एका देशाने हे करून दाखवलं, आणि मला त्याचा मनापासून आदर वाटला.

ताश्कंद सोडलं की थोड्या वेळाने सिर दर्या नदी ओलांडते गाडी. मग सपाट, कालव्यांनी भिजवलेली जमीन, कापूस, मधेच तुतीच्या झाडांच्या रांगा. जिझ्झाख शहरानंतर डोंगर जवळ येतात, वेग उतरतो आणि गाडी एका अरुंद खिंडीतून जाते. तिला तैमूरची खिंड म्हणतात. समरकंदकडे येणारी सैन्यं आणि काफिले शतकानुशतकं तिथूनच गेले. खिडकीची जागा मिळाली असेल तर त्या दहा मिनिटांत मोबाइल बाजूला ठेवा.

आसनं दोन-दोन, पाय पसरायला ऐसपैस. स्वच्छतागृह खरंच स्वच्छ, आणि शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. चहा-कॉफीची ढकलगाडी फिरते, खानपानाचा डबाही आहे, पण शाकाहारी माणसाने त्याच्या भरवशावर राहू नये. आमच्याकडे मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी होती. पलीकडच्या आजींनी फडक्यात बांधलेला नान काढला, हाताने तोडला (तिथे नानला सुरी लावत नाहीत) आणि पहिला तुकडा वन्संना दिला. वन्संनी ठेपला पुढे केला. आजींनी तो उजेडात धरून मेथीची पानं निरखली, खाल्ला, आणि अजून एक मागून घेतला. नंतर त्यांनी राज कपूरचं नाव घेतलं. ते नाव तिथे सगळीकडे ऐकू येतं, आणि दर वेळी ते घेणाऱ्याचा चेहरा उजळतो.

समरकंद स्टेशन शहराच्या मध्यापासून सहा-सात किलोमीटर लांब आहे. बाहेर टॅक्सीवाले घेरतात. त्यांना हसून नको म्हणायचं आणि यांडेक्सच्या अ‍ॅपवरून गाडी बोलवायची, भाडं आधीच दिसतं. आम्ही ट्राम घेतली. स्टेशनावरून थेट सियोब बाजारापर्यंत ट्राम जाते, आणि मुंबईची ट्राम ज्यांनी फक्त घरच्या मोठ्यांच्या तोंडून ऐकली त्यांनी ती सोडू नये.

सियोब बाजारात समरकंदचा नान घ्या. जड, चकचकीत, मध्ये दाबून बसवलेली नक्षी. ती नक्षी उठवायचा लाकडी मुठीचा, खिळ्यांचा ठसा असतो, त्याला चेकिच म्हणतात, तोही तिथे विकत मिळतो. वन्संनी घेतला. आता मुलुंडला पुऱ्यांना भोकं पाडायला तोच वापरतात.

रेगिस्तान चौकाबद्दल सगळीकडे वाचायला मिळेल, म्हणून थोडक्यात. चौकातले तीन मदरसे एकाच काळातले नाहीत. तैमूरचा नातू आणि खगोलशास्त्रज्ञ राजा उलुघबेग याचा १४१७ ते १४२० मधला, समोरचा शेर-दोर आणि मधला तिल्ला-कारी दोन शतकांनंतरचे, सतराव्या शतकातले. संध्याकाळी दिवे लागल्यावर एकदा आणि सकाळी लवकर एकदा, असं दोनदा जा. एका दिवसाच्या सहलीत हे दोन्ही बसत नाही, आणि माझं त्या पर्यटन कंपनीशी भांडण होतं ते इथेच. उलुघबेगच्या वेधशाळेत जमिनीखाली गेलेली त्या मोठ्या वेधयंत्राची कमान अजून शिल्लक आहे. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी आपल्या ग्रहताऱ्यांच्या सारण्या करताना उलुघबेगच्या सारण्यांचा आधार घेतला होता. जंतर मंतर बघितलेल्या माणसाने ही वेधशाळा चुकवू नये. तिच्या रस्त्यावरच अफ्रोसियोबचं टेकाड आहे, जुन्या समरकंदचं. १२२० मध्ये मंगोलांनी ते शहर उद्ध्वस्त केलं. गाडीला नाव दिलंय ते या जागेचं. तिथल्या संग्रहालयात सातव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, रस्ता करताना १९६५ मध्ये सापडलेली. आम्ही गेलो तेव्हा त्या दालनात आम्ही दोघीच होतो.

समरकंदहून बुखारा याच गाडीने, आणखी दीड-पावणेदोन तास. बुखाऱ्याचं स्टेशन कागान नावाच्या शेजारच्या गावात आहे, शहरापासून बारा-पंधरा किलोमीटर. हे माहीत नसेल तर रात्री उतरल्यावर माणूस गांगरतो. हॉटेल लाब-इ-हाऊझ तलावाच्या आसपास घ्या, मग टॅक्सी लागत नाही, सगळं पायी होतं. कल्याण मिनार ११२७ सालचा, भाजलेल्या विटांचा, ४५ मीटरच्या वर उंच. विटेच्या नक्षीचे पट्टे एकासारखा एक नाही. मी खाली बाकावर बसून ते मोजायला लागले आणि मान दुखल्यावर सोडून दिलं. दोन शहरांतलं एकच करायला मिळणार असेल तर मी बुखारा सांगेन. तिथे माणसं अजून त्या गल्ल्यांत राहतात.

अफ्रोसियोब मिळाली नाही तर शर्क गाडी बघा. वेळ जास्त, ताश्कंद–समरकंद साडेतीन तासांच्या आसपास, पण आरामशीर आणि स्वस्त. खिवा या पश्चिमेकडच्या जुन्या शहराला जाणाऱ्यांसाठी बुखाऱ्याहून साधी गाडी आहे, किझिलकुम वाळवंटातून सहा-सात तासांची. तिथे शयनयान डब्यांत कुपे म्हणजे दाराचा चार जणांचा कप्पा आणि प्लात्सकार्त म्हणजे आपल्या स्लीपरसारखा उघडा डबा. खालचा बर्थ आकृतीवर स्वतः निवडता येतो. आम्ही वन्संच्या गुडघ्यांमुळे खिवा सोडलं.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये, पण तयारी ठेवावी. "गोश्तसिझ" म्हणजे मांसाशिवाय, हा शब्द पाठ करा. भोपळ्याचा सोम्सा, टोमॅटो-कांद्याची अचिचुक कोशिंबीर, दही, नान, फळं, सुका मेवा यावर दिवस छान जातो. भाज्यांचं म्हणून दिलेलं सूप बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं, तेव्हा सूप टाळलेलं बरं. डॉलर कोऱ्या नोटांत न्या, दुमडलेल्या घेत नाहीत. एका डॉलरला बारा हजार सोमच्या आसपास मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी नोटांचा गठ्ठा बघून गोंधळायला होतं.

ताश्कंदला एक दिवस पुढे आणि एक मागे ठेवा. गाडी चुकली तरी विमान चुकत नाही. त्या दिवसांत १९७७ ची मेट्रो बघा, कोस्मोनाव्तलर आणि अलीशेर नवोई ही स्टेशनं तरी नक्की. आणि लालबहादूर शास्त्रींच्या पुतळ्याला जा. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला आणि ११ तारखेच्या पहाटे ते तिथेच गेले, हे आपण शाळेत शिकतो. मला ते रेल्वेमंत्री म्हणूनही माहीत आहेत. १९५६ च्या अरियालूरच्या अपघातानंतर त्यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. खात्यात आम्हाला हे वरिष्ठ मंडळी अभिमानाने सांगत. मी त्या पुतळ्यासमोर रेल्वेची कर्मचारी म्हणून उभी राहिले आणि नमस्कार केला. फुलं जवळच मिळतात.

एकट्या बाईने किंवा दोघींनी जावं का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. जरूर जावं. रात्री दहा वाजता आम्ही बुखाऱ्यात चालत हॉटेलवर परतलो, कोणी वाकड्या नजरेने बघितलं नाही. जून ते ऑगस्ट मात्र टाळा, पारा चाळिशीच्या वर जातो आणि चौकांत सावली नाही.

माझ्याकडून गाडीला पाचपैकी पाच. तिकिटाच्या व्यवस्थेला चार, कारण जागा कमी आहेत आणि विक्री उशिरा उघडते. क्रम असा ठेवा : ताश्कंदहून सकाळच्या गाडीने थेट बुखारा, परतीत समरकंद, मग ताश्कंद. सगळ्यात लांबच्या टप्प्याच्या जागा आधी संपतात, तेव्हा विक्री उघडली की बुखाऱ्याचं तिकीट पहिलं काढा.